‘गॅरंटीड स्ट्रीम्स’ विकणाऱ्यांपासून सावध राहा: माझे पैसे गेले आणि गाणंही गेलं

घरच्या घरी लॅपटॉपवर संगीत करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय (स्ट्रीम म्हणजे अ‍ॅपवर गाणं एकदा वाजणं), खास करून आपल्या खानदेशातल्या पोरापोरींसाठी. धुळे, जळगाव, अमळनेर, शहादा, कुठेही जा, दार लावून हेडफोनवर बीट बनवणारं कुणी ना कुणी भेटतंच. बहुतेक जण अहिराणी गाणी करतात. मी भुसावळला राहते, दिवसा सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे हिशोब बघते आणि रात्री कुंबिया आणि हाऊस (क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) एकत्र करते.

कुंबिया हे कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं नाचाचं संगीत. त्यात ग्वाचाराका नावाचं खाचा पाडलेलं वाद्य घासून वाजवतात, त्याची खरखर गाणंभर थांबत नाही. माझ्याकडे ते वाद्य नाही. मी किसणीवर चमचा घासून आवाज रेकॉर्ड केला, तोही भर मे महिन्यात, पंखा बंद करून, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येत होती. हाऊसचा किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, प्रत्येक मात्रेवर सरळ पडतो. त्यावर ही खरखर सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेषांना (ग्रिडला) तंतोतंत चिकटवली तर गाणं मेल्यासारखं वाटतं, म्हणून एकेक ठोका हाताने किंचित मागे सरकवावा लागतो. एवढ्या मेहनतीने तयार झालेलं गाणं मी एका डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, सगळीकडे टाकलं.

थोड्याच दिवसांत इन्स्टाग्रामवर एकाचा मेसेज आला. “ताई, तुमचा ट्रॅक ऐकला. काय सालसा ड्रॉप आहे! लॅटिन अमेरिकेतल्या आमच्या क्युरेटरना, प्लेलिस्ट बनवणाऱ्यांना, खूप आवडलाय.” माझ्या गाण्यात सालसा औषधालाही नाही. सालसा क्यूबा आणि प्वेर्तो रिकोच्या मुळांतून न्यूयॉर्कमध्ये वाढला, त्याचा कणा म्हणजे क्लावेची पाच ठोक्यांची चाल. कुंबियाचं चलन पार वेगळं. ज्याने गाणं खरंच ऐकलंय तो असं बोलणार नाही. अहिराणी गाणं करणाऱ्या माझ्या मामेभावाला नंतर असाच मेसेज आला, त्यात त्याच्या गाण्याला ‘पंजाबी व्हाइब’ म्हटलं होतं. मेसेज ठोक भावात जातात, गाणं कुणी ऐकत नाही.

या लोकांना धंद्याचे नियम मात्र तोंडपाठ असतात. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याची रॉयल्टी मिळत नाही. नियम खरा आहे, आणि त्याचीच भीती घालून हे गळ टाकतात. “हजाराच्या खाली अडकलात तर अल्गोरिदम तुम्हाला कायमचं गाडतो,” असं तो मेसेजवाला फोनवर म्हणाला. बोलणं मराठीत, शांत, आदराने. ५० हजार स्ट्रीमची ‘गॅरंटी’, सगळे खरे श्रोते, बॉट (आपोआप गाणं वाजवणारी खोटी खाती) अजिबात नाहीत, वर जीएसटी नंबर टाकलेलं बिल. मी यूपीआयने टप्प्याटप्प्याने १८,५०० रुपये पाठवले. तो जीएसटी नंबर भलत्याच व्यवसायाचा निघाला. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की नाव फुकट दिसतं, हे पैसे देण्याआधीच करून घ्या.

आकडे आले, आणि तेच नीट बघण्यासारखे आहेत. आठवडाभरात ४० हजारांच्या वर स्ट्रीम, पण ऐकणारे जेमतेम तीनशे. म्हणजे एकेका ‘श्रोत्याने’ सरासरी सव्वाशेच्या वर वेळा तेच गाणं लावलं. सेव्ह करणारे दोन. फॉलोअर होते तिथेच. आणि ऐकणाऱ्यांची शहरं पाहिली तर जवळपास सगळे एकाच परदेशी शहरातले, तेही लॅटिन अमेरिकेतलं नव्हे. ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो, म्हणून ही बॉटची खाती तेवढं वाजवतात आणि पुन्हा सुरुवातीला येतात.

मग डिस्ट्रिब्युटरचा ईमेल आला: कृत्रिम स्ट्रीमिंग आढळलं, गाणं काढलं, त्या महिन्याची कमाई रोखली, दंड खात्यातून वळता केला. हा दंडाचा नियमही २०२४ पासूनचाच. स्पॉटिफाय तो डिस्ट्रिब्युटरला किंवा लेबलला लावतं आणि ते तो कलाकाराच्या माथी मारतात. बॉट कुणी चालवले हे कुणी विचारत नाही, गाणं ज्याच्या नावावर तोच जबाबदार. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. चोरी करणारा मोकळा, आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्याच दारावर नोटीस.

फसवणूक इथे संपत नाही. चारच दिवसांत त्याच टोळीतल्या दुसऱ्या माणसाचा फोन: “ताई, तुमचं गाणं उडालंय असं कळलं. आमची लीगल टीम अपील करून देईल, फक्त सात हजार.” मी एक रुपयाही दिला नाही. गाणं उडाल्याचं डिस्ट्रिब्युटर आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हतं. ते उडणार हे ज्याने बॉट लावले त्यालाच माहीत असणार.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा, तो विचारतातच. चॅट डिलीट करू नका. रागाच्या भरात त्याला ब्लॉक करण्याआधी प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. माझी तक्रार नोंदली गेली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत, कारण तोवर ते खातं रिकामं झालं होतं.

जाहिरातीसाठी पैसे मोजणं वेगळं. तुमचं गाणं लोकांसमोर आणायचे पैसे कुणी घेत असेल आणि आकड्याची हमी देत नसेल, तर तो धंदा आहे. आकडाच विकतोय तो बॉट विकतोय. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायला पैसे लागतच नाहीत. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या पानावरून गाणं प्रकाशित होण्याआधीच पाठवावं लागतं, किमान ७ दिवस आधी पाठवलेलं बरं. त्यांच्या प्लेलिस्टमध्ये जागा विकत मिळत नाही, असं कंपनी स्वतःच सांगते.

आणखी एक. एक छदामही न देता तुमचं गाणं बॉट वाजवतात अशा बोगस प्लेलिस्टमध्ये टाकलं जाऊ शकतं. आकडे अचानक उडाले आणि सेव्ह मात्र हलले नाहीत, तर खूश होऊन स्टेटस ठेवण्याआधी डिस्ट्रिब्युटरला त्याच दिवशी लेखी कळवा: प्लेलिस्टचं नाव, लिंक, तारीख आणि ‘मी हे करवून घेतलेलं नाही’ एवढं एक वाक्य.