ठाण्यात डव्हचा दाणा घ्यायचा असेल तर जांभळी नाक्याचं हे दुकान

आमच्याकडे रिंगनेक डव्हची, म्हणजे कबुतरासारख्या पण लहान पाळीव पक्ष्यांची जोडी आहे, मादी पांढरी आणि नर बदामी. ज्यांनी डव्ह पाळलेत त्यांना माहितीये, ठाण्यात पोपटाचं आणि लव्हबर्डचं खाणं गल्लोगल्ली मिळतं पण डव्हचं विचारलं की दुकानदार तेच पाकीट पुढे करतो आणि वर "सगळे पक्षी हेच खातात" असं ऐकवतो. म्हणून मुद्दाम लिहितेय. जांभळी नाक्याच्या मार्केटात धान्यवाल्यांच्या ओळीत आत गेलं की एक चिंचोळं दुकान आहे, दारात बाजरी-ज्वारीची पोती, वर पिंजरे टांगलेले, पक्ष्यांचा दाणा कुठे मिळतो विचारलं की कुणीही दाखवेल.

काका आधी विचारतात पक्षी कुठला. मी डव्ह म्हटल्यावर त्यांनी समोरचं तयार मिक्स बाजूला सारलं, म्हणाले, "ताई, हे सोलून खाणाऱ्यांचं, तुमचा गिळणारा पक्षी आहे." अगदी बरोबर आहे त्यांचं. पोपट दाणा चोचीत फोडतो, टरफल थुंकतो, आतला गर खातो. डव्ह मात्र दाणा टरफलासकट अख्खा गिळतो आणि दळणाचं काम पोटात होतं, तेही गिळलेल्या बारीक खड्यांच्या, म्हणजे ग्रिटच्या मदतीने. त्यामुळे ती मोठी पट्टेवाली सूर्यफुलाची बी त्याच्या काही कामाची नाही, अख्खा मकाही रिंगनेकला मोठा पडतो. आधी आम्ही ऑनलाइन एका कंपनीचं पाकीट मागवायचो, त्यात निम्मी हीच बी आणि रंगीत गोळ्या, आणि डव्हची खोड म्हणजे नको असलेलं चोचीने डावीकडे-उजवीकडे उडवायचं, सगळा दाणा वाटीबाहेर.

इथलं मिक्स मी घरी आणून ताटात पसरून बघितलं. बाजरी, ज्वारी, राळा, गहू, हिरवे मूग, करडई, थोडं जवस आणि भरडलेला मका, बस. हात घातला तर तळव्याला पिठी लागत नाही, म्हणजे टोक्यांनी पोखरलेला माल नाही. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले तर भरडा सोडून बहुतेकांना मोड आले, जुनाट धान्याला असे येत नाहीत, आणि ते मोड आमच्या जोडीने बघता बघता फस्त केले. तुम्हीही जिथून घ्याल तिथला दाणा असा तपासून बघा. फक्त शेतीच्या बियाण्यांच्या दुकानातलं बी चुकूनही घालू नका, पेरणीच्या बियाण्याला बरेचदा औषध चोळलेलं असतं.

भाव किलोला शंभरच्या वर-खाली असतो, पाकिटापेक्षा खूपच स्वस्त. एका रिंगनेकला दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम पुरतं, म्हणजे जोडीला किलोभर दाणा बरेच दिवस जातो. पावसाळ्यात जास्त भरून ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत धान्याला बुरशी धरते आणि ती पक्ष्यांना फार वाईट, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरा, कुबट वास आला तर सरळ फेकून द्या. काकासुद्धा पावसात जास्त मागितलं तर देत नाहीत, थोडं थोडं न्या म्हणतात. गिऱ्हाइकाला कमी न्या सांगणारा दुकानदार मला तरी दुसरा भेटला नाही.

समुद्रफेस आणि शिंपल्याचा चुराही मिळतो. मादी अंड्यावर येते तेव्हा हे हवंच, कॅल्शियम कमी पडलं तर कवच पातळ होतं, अंडं अडकून मादी जाऊसुद्धा शकते. सोबत कोवळं ऊन पण पाहिजे, बंद काचेतून आलेलं नाही, थेट. डव्ह एका वेळी दोन अंडी घालतो, साधारण १४-१५ दिवस उबवतात, दिवसा जास्त करून नर आणि रात्री मादी, आणि पिल्लं निघाली की दोघंही गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारं दूध पाजतात. त्या दिवसांत दाणा भराभर संपतो, तेव्हा राळा-बाजरी जास्त घालून मिक्स करून मागा, काका लगेच करून देतात.

आता न आवडलेलं. पिंजरे इथून घेऊ नका. सगळे उंच आणि अरुंद, काही तर गोल, आणि डव्हला आडवं उडायला, खाली चालायला जागा लागते, तेव्हा रुंद पिंजरा हवा. ती नळीवाली पाण्याची बाटलीही नको, डव्ह चोच पाण्यात बुडवून एका दमात ओढून पितो, त्याला खोलगट वाटीच लागते आणि आंघोळीला वेगळं पसरट भांडं.

पण एक गोष्ट मला मनापासून आवडली. मी तिथे असताना एक मुलगा खोक्यात होल्याचं पिल्लू घेऊन आला, किती देणार विचारत होता. काकांनी हातसुद्धा लावला नाही. आपल्या खिडकीत, एसीवर घरटं करणारे होले हे जंगली पक्षी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे ते पकडायला, विकायला बंदी आहे, रिंगनेक आणि डायमंड डव्ह हे पाळीव, ते वेगळे, हे त्यांनी त्याला शांतपणे समजावलं आणि जिथून आणलं त्याच घरट्यात ठेव म्हणून परत पाठवलं.

सकाळी लवकर जा, संध्याकाळी त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, गाडी तर नेऊच नका, स्टेशनपासून चालत जवळ आहे. यूपीआय चालतं. आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर ग्रिट थोडं बारीक आणा, आत्ताचे खडे कबुतरांना ठीक आहेत पण आमच्या डव्हना मोठे पडतात.