डक्टची सफाई: आठ महिने, बारा हजार आणि एक झडप

सीलिंगमधल्या झडपेचं नाव आधीच घेऊन ठेवते, कारण या सगळ्या प्रकरणात माझं डोकं खाल्लं ते तिनं.

सांगलीच्या विश्रामबागेतलं आमचं घर 2018 चं. लेकानं हौसेनं साडेपाच टनी डक्टेबल एसी बसवून घेतला, म्हणजे एकच मशीन आणि छतातल्या पत्र्याच्या बोगद्यातून, त्या डक्टमधून, सगळ्या खोल्यांना गार हवा. मशीन पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये, गार हवेच्या सहा जाळ्या, आणि हवा परत ओढणारी सातवी मोठी. दिसायला झकास. पण स्प्लिट असता तर कोपऱ्यावरचा मुलगा वर्षातून दोनदा जेट मारून गेला असता. डक्ट म्हटलं की तोच मुलगा म्हणतो, "काकू, हे आपलं काम नाही."

फेब्रुवारीच्या शेवटी, थंडीनंतर पहिल्यांदा एसी लावला तर कुबट वास. जाळीखालच्या पांढऱ्या चादरीवर काळे ठिपके. यांच्या शिंका तर मोजायच्या सोडून दिल्या. मग कोल्हापूरच्या एका कंपनीला बोलावलं. जाळीमागे 900, अशा सात जाळ्या. मुख्य डक्टचे 4,000. त्यावर 18 टक्के जीएसटी. झाले 12,154. मी 12,000 हातावर ठेवले आणि वरचे 154 देणार नाही म्हणाले. कंपनीचे साहेब हसले, म्हणजे त्यांना आणखी सोडता आले असते. तिथंच चुकले मी.

काम मात्र मन लावून केलं, हे कबूल. दोन मुलं सकाळी दहाला आली. सगळ्या जाळ्या काढून धुतल्या, तोंडांना प्लास्टिक लावलं, एका टोकाला ड्रमएवढा व्हॅक्यूम जोडला आणि दुसऱ्या टोकानं लांब वायरीवरचा फिरता ब्रश आत सोडला. पिशवीत निघाली ती बरीचशी पांढरी पूड. पीओपीची! म्हणजे घर बांधतानाची धूळ तेव्हापासून आतच होती आणि आम्ही तीच हवा गार करून घेत होतो. शिवाय उसाच्या फडाची काजळी. हंगामात पाचट पेटवलं की इथं गच्चीवर वाळत घातलेले पापडसुद्धा उचलावे लागतात, हे सांगलीकरांना सांगायला नको. आणि एका वळणात गुटख्याची रिकामी पुडी. राज्यात 2012 पासून बंदी आहे, आमच्या छतात नव्हती.

"आत औषधाची फवारणी करू का? दीड हजार जादा." नको म्हटलं. धूळ काढल्यावर औषध कशाला, याचं उत्तर साहेबांना देता आलं नाही.

आता झडप. ब्रश आत घालायला त्यांनी मशीनपाशी सीलिंगला चौदा इंची चौकोन कापला, वर डक्टच्या पत्र्यालाही तोंड पाडलं. पत्र्यावर रबर लावून चार स्क्रूंचं झाकण बसवलं, ते उत्तम. पण सीलिंगचा कापलेला तुकडा पांढऱ्या टेपनं चिकटवला! "चार दिवसांत माणूस येऊन पॅच मारेल." आठव्या दिवशी टेप सुटली आणि तुकडा पॅसेजमध्ये पडला. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. मी अकरा फोन केले. कॅलेंडरवर खुणा आहेत. माणूस कधी इस्लामपुरात होता, कधी जयसिंगपुरात, एकदा त्याच्या मामेभावाच्या हळदीत. माझ्या पॅसेजमध्ये कधीच नव्हता. वर "आधी-नंतर"चे फोटो पाठवले, त्यातला "आधी"चा डक्ट गोल. आमचा चौकोनी. विचारलं तर म्हणे, "तो सॅम्पल फोटो आहे काकू." बारा हजारांत दुसऱ्याची घाण दाखवली.

इथवर एप्रिलमध्ये लिहिलं होतं आणि पाचपैकी एक तारा देणार होते. लेक म्हणाला, आई, उन्हाळा जाऊ दे. बरं झालं थांबले.

कारण वास गेलाच नव्हता. ठिपके बंद झाले, लांबच्या खोलीत हवेचा जोर वाढला, पण एसी लावला की पहिली दहा मिनिटं तोच कुबटपणा. मे महिन्यात मिरजेच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकला दाखवलं. ते स्टुलावर चढले, त्या भोकातून टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत म्हणाले, "बाई, वास डक्टचा नाही, गटाराचा आहे." एसीतून गळणारं पाणी मशीनखालच्या ट्रेमध्ये साठतं, ते बाहेर नेणारा पाइप ठेकेदारानं नहाणीच्या ड्रेनेजला थेट जोडला होता. ब्लोअर हवा ओढतो तेव्हा ट्रेपाशी दाब कमी होतो, आणि पाइपात कुठं पाणी अडून नसेल तर गटारातली हवा वर खेचली जाते. त्यांनी यू बेंड टाकला, म्हणजे पाणी अडून राहील असा वाकडा तुकडा. सामानासकट 350 रुपये. वास त्याच संध्याकाळी बंद. थंडीभर एसी बंद राहिला की त्या बेंडमधलं पाणी सुकतं, म्हणून उन्हाळ्यात सुरू करण्याआधी ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता, हेही त्यांनीच सांगितलं.

ओतायचं कुठून? त्या भोकातूनच. ते नसतं तर त्यांना ट्रे दिसलाही नसता. सात वर्षं आम्ही मशीनचं पोट पाहिलंच नव्हतं. मग फॉल्स सीलिंगवाल्याकडून बिजागरी आणि मॅग्नेट लावून नीट झडप करून घेतली, 650 रुपये. आता महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून मी स्टुलावर चढते आणि टॉर्च मारते. हे खाली स्टूल धरून "पडशील" म्हणत उभे. ऑक्टोबरअखेर चार स्क्रू सोडून डक्टमध्येही डोकावले. बोटाला नावाला धूळ लागली.

यांच्या शिंका? कमी झाल्या असं ते म्हणतात. पण ऊस संपला की त्या दरवर्षीच कमी होतात, त्यामुळे त्याचं श्रेय मी कुणालाच देत नाही. लेकानं वाचून दाखवलं की अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा दरवर्षी डक्ट साफ करा असं म्हणत नाही. आत बुरशी दिसली, उंदीर-किडे झाले किंवा धुळीनं डक्ट चोंदला, तरच करा म्हणते. आमचा चोंदलाच होता, तेव्हा एकदाचे पैसे वाया गेले नाहीत. पण कंपनीचा मेसेज आलाय, वार्षिक करार करा, दहा टक्के सूट. नाही करणार. परतीच्या जाळीमागचा फिल्टर हंगामात दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरते. काळं पाणी जातं ते तिथंच जातं, डक्टमध्ये जात नाही.

तारे तीन. दोन त्या ब्रश मारणाऱ्या मुलांना, एक भोक पाडल्याबद्दल. बुजवायला कोणी आलं नाही म्हणूनच ते राहिलं, तरी त्या अकरा फोनांचा राग गेलेला नाही. आणि झडपेचा पांढरा रंग सीलिंगच्या पांढऱ्याशी अजून जुळत नाही. पाहुण्यांना दिसत नाही म्हणतात. मला हॉलमधून दिसतो.