लॅपटॉप हातावेगळा करताना: डेटा पुसायचा, की पहिल्या दिवसापासून कुलुपात ठेवायचा?

डिलीट किंवा फॉरमॅट केल्याने डेटा जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर त्यावर नवा डेटा लिहून जुना झाकायचा, ड्राइव्हलाच स्वतःला पुसायला सांगायचं, की मुळात सगळं एनक्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करून ठेवायचं आणि शेवटी फक्त किल्ली नष्ट करायची? मी वेगवेगळ्या वेळी तिन्ही केलं आहे.

पहिला मार्ग सगळ्यांत जुना. फिरत्या हार्ड डिस्कवर तो अजूनही उत्तम चालतो आणि त्यासाठी जुन्या डेटावर पस्तीस वेळा लिहिण्याची, म्हणजे पस्तीस फेऱ्यांची गरज नाही. तो आकडा संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांच्या 1996 मधल्या निबंधातून आला. त्या फेऱ्या तेव्हाच्या वेगवेगळ्या डिस्क-तंत्रांसाठी होत्या, आणि आजच्या डिस्कवर त्या सगळ्या मारण्यात अर्थ नाही असं खुद्द त्यांनीच पुढे लिहिलं. मी माझ्या जुन्या डिस्कवर शून्यांचा एकच फेरा रात्रभर चालवला आणि निर्धास्त झालो.

एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिप असलेल्या ड्राइव्हवर, मात्र हे गणित बिघडतं. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. लिहिणं होतं पानापानाने, पण पुसणं होतं अनेक पानांच्या अख्ख्या ब्लॉकचं. म्हणून ड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे त्याचा कारभार पाहणारी चिप, नवा मजकूर दुसऱ्याच रिकाम्या पानावर लिहितो, जुन्या पानावर नुसती 'बाद' अशी खूण करतो आणि सवडीने तो ब्लॉक पुसतो. शिवाय झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून जागा फिरवत राहतो, आणि काही जागा स्वतःसाठी राखून ठेवतो. ती ऑपरेटिंग सिस्टीमला दिसतच नाही. तुम्ही ड्राइव्ह काठोकाठ शून्यांनी भरलात तरी त्या राखीव भागात काय उरलं, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. तासन्‌तास वाट पाहून हाती हीच शंका उरत असेल, तर एसएसडीसाठी हा मार्ग मी तरी सुचवणार नाही.

दुसरा मार्ग तांत्रिकदृष्ट्या अधिक सरळ आहे. ड्राइव्ह लॅपटॉपला जोडण्याच्या साटा आणि एनव्हीएमई या दोन पद्धती आहेत; साटा ड्राइव्हला 'सिक्युअर इरेज' आणि एनव्हीएमईला 'सॅनिटाइझ' असा हुकूम देता येतो, आणि मग राखीव जागेसकट पुसण्याचं काम कंट्रोलर स्वतः करतो. सॅनिटाइझ चालू असताना वीज गेली तरी वीज आल्यावर ते काम पुढे सुरू होतं, ही त्यातली मला फार आवडलेली गोष्ट. त्रास दोन. एक, बरेच लॅपटॉप सुरू होतानाच बायोस (ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम) साटा ड्राइव्हला 'फ्रोझन' करून, म्हणजे असे हुकूम न घेण्याच्या अवस्थेत टाकून ठेवतं आणि हुकूम नाकारला जातो. लॅपटॉप झोपवून (स्लीप मोडमध्ये टाकून) पुन्हा जागा केला की बहुतेकदा हे सुटतं, माझंही तसंच सुटलं, पण तोवर अर्धी संध्याकाळ गेली होती. दोन, पुसलं की नाही हे सांगणाराही तोच कंट्रोलर. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये चिप उघड्या करून तपासलं, तेव्हा 'पुसलं' असं कळवणाऱ्या एका ड्राइव्हमध्ये सगळा डेटा जसाच्या तसा सापडला. आताचे ड्राइव्ह तेव्हापेक्षा नक्कीच भरवशाचे असावेत. तरीही शब्दावर विश्वास ठेवणं आलंच.

तरी मी याच मार्गावर राहिलो असतो. पण एके दिवशी माझा लॅपटॉप सुरूच झाला नाही. पडला नव्हता, भिजला नव्हता, नुसता मेला. सर्व्हिस सेंटरने सांगितलं की मदरबोर्ड बदलावा लागेल आणि जुना बोर्ड परत मिळणार नाही. त्या मॉडेलमध्ये एसएसडी बोर्डवरच सोल्डर केलेली होती. म्हणजे माझे करांचे कागद, घरच्यांचे फोटो, आईचे वैद्यकीय अहवाल, सगळं एनक्रिप्शनशिवाय त्या बोर्डवर होतं. आणि पुसण्याचा एकही हुकूम देता येत नव्हता, कारण हुकूम घ्यायला यंत्र जिवंत लागतं. नियम त्यांचा होता आणि दुरुस्ती वॉरंटीत होती. मी बराच वेळ काउंटरपाशी उभा राहिलो आणि शेवटी दुरुस्ती न करता तो लॅपटॉप तसाच घरी आणला. अजून कपाटात आहे.

त्या दिवशी माझ्यापुरता निकाल लागला. पुसणं शेवटी करायचं असतं, आणि शेवट कधी येईल ते आपण ठरवत नाही.

आता नवा लॅपटॉप आला की पहिली फाइल टाकण्याआधी एनक्रिप्शन चालू करतो. विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. यात डावंउजवं करण्याइतका अनुभव मला नाही. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आधी महिनोन्‌महिने उघडा डेटा लिहिला आणि मग एनक्रिप्शन लावलं, तर जुन्या बाद पानांवर उघड्या प्रती उरू शकतात. बिटलॉकर 'फक्त वापरलेली जागा' की 'पूर्ण ड्राइव्ह' असं विचारतं, तिथे वापरातल्या लॅपटॉपसाठी पूर्ण ड्राइव्ह निवडा. ड्राइव्हच्या अंगच्या एनक्रिप्शनवर मात्र विसंबू नका. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये काही नावाजलेल्या एसएसडींमधलं ते कुलूप पासवर्डशिवाय उघडून दाखवलं, आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरचा भर सॉफ्टवेअर एनक्रिप्शनवर आणला.

आणखी एक. किल्ली टीपीएममध्ये, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या लॅपटॉपमधल्या सुरक्षा चिपमध्ये असेल आणि पिन नसेल, तर लॅपटॉप सुरू होताना कुलूप आपोआप उघडतं आणि पुढे फक्त लॉगिनचा पासवर्ड आड येतो. शक्य असेल तर सुरुवातीलाच पिन मागायला लावा. नुसता झोपवलेला लॅपटॉप कुणाकडे सोपवू नका, पूर्ण बंद करा, कारण झोपेत किल्ली रॅममध्ये जिवंत असते.

लॅपटॉप चालू अवस्थेत द्यायचा असेल तेव्हा मी दोन्ही करतो. आधी सॅनिटाइझ, मग बायोसमध्ये जाऊन टीपीएम क्लिअर, म्हणजे त्यातली किल्ली नष्ट. बायोसची स्वतःची फ्लॅश चिप लोक विसरतात. तिथे तुमच्या फाइली नसतात, पण बायोसचा पासवर्ड किंवा कंपनीचा अ‍ॅसेट टॅग (मालमत्तेचा नोंद-क्रमांक) राहू शकतो, आणि ड्राइव्ह कितीही पुसला तरी तो हलत नाही. कुठल्या मॉडेलमध्ये वीज गेल्यावरही टिकणारी मेमरी कुठे कुठे आहे, याचं 'स्टेटमेंट ऑफ व्होलॅटिलिटी' नावाचं पत्रक काही कंपन्या देतात. कार्यालयाचे लॅपटॉप हाताळत असाल तर ते जरूर मागवा.

एनक्रिप्शनची किंमत एकच, आणि ती खरी आहे: पासवर्ड किंवा चिप दगा देईल तेव्हा कुलूप उघडणारी रिकव्हरी की हरवली तर तुमचाही डेटा गेला. मी ती कागदावर लिहून लॅपटॉपपासून दूर, घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवली आहे, आणि कुठे ठेवली ते बायकोला सांगितलं आहे.