लांज्यातील ग्रास कटर दुरुस्ती : सुटा भाग बदलण्याआधी दोष शोधणारे दुकान

पाऊस ओसरू लागला आणि आंबा-काजूच्या बागांत बेणणी (गवत-झुडपांची कापणी) सुरू झाली की ग्रास कटर दुरुस्तीला येण्याचेही दिवस येतात. अशा वेळी यंत्र कोणाच्या हाती पडते याला फार महत्त्व असते, म्हणून लांजा बाजारपेठेतील एका छोट्या दुकानाचा अनुभव येथे सविस्तर नोंदवीत आहे.

आमचा टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारा) कटर सुरू होत असे, पण रेस दिली की गुदमरून बंद पडत असे. आधी दाखवलेल्या एका दुकानात तो न उघडताच नवा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) घालण्यास सांगण्यात आले होते. लांज्याच्या मेस्त्रींनी मात्र प्रथम टाकीतील इंधन काचेच्या बाटलीत ओतून स्थिर होऊ दिले आणि तळाशी साचलेला वेगळा थर दाखवला. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर वाढले की पाण्यासह पेट्रोलपासून विलग होऊन खाली बसते. टू-स्ट्रोकमध्ये ही गोष्ट अधिक घातक ठरते, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते आणि टाकीच्या तळातून इंजिनात जाणाऱ्या द्रवात वंगण जवळजवळ नसते.

त्यानंतरची तपासणीही क्रमाने झाली. प्लग काढून ठिणगी पाहिली, एअर फिल्टर तपासला, टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र मोकळे असल्याची खात्री केली. हे छिद्र बुजल्यास टाकीत निर्वात तयार होऊन काही वेळाने इंजिन बंद पडते आणि दोष उगाच कार्बोरेटरवर जातो. शेवटी सायलेन्सरची जाळी काजळीने जवळपास बंद झालेली आढळली, तर कार्बोरेटरमधील डायफ्रॅम, म्हणजे पातळ लवचिक पडदा, कडक झाला होता. जाळी साफ करून आणि केवळ डायफ्रॅमचे किट बदलून काम झाले. मजुरीसह खर्च नव्या कार्बोरेटरच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी आला.

मला सर्वाधिक भावली ती परत देण्याआधीची चाचणी. इंजिन चांगले तापेपर्यंत चालवून, दुकानामागच्या गवतावर प्रत्यक्ष भार देऊन कार्बोरेटरचे स्क्रू जुळवण्यात आले आणि आयडलवर (रेस न देता इंजिन नुसते चालू असताना) पाते फिरत नाही हेही पाहिले गेले. आयडलवर फिरणारे पाते कामगाराचा पाय कापू शकते, तरीही अनेक ठिकाणी याकडे कोणी लक्ष देत नाही.

उणिवाही आहेत. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) केवळ दोरी ओढून हाताच्या अंदाजाने ठरवले जाते. जुन्या इंजिनाच्या पिस्टन-रिंगांचा निर्णय घेताना दाब मोजणारा गेज असायलाच हवा. लेखी पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनांचे सुटे भाग मागवावे लागतात आणि ऐन हंगामात त्याला वेळ लागतो, त्यामुळे तशी यंत्रे मे महिन्यातच दाखवून घेणे सोयीचे पडेल. यंत्र नेताना टाकी रिकामी करू नये. त्यातले इंधनच मेस्त्रींना आधी पाहायचे असते.