गाईच्या डोळ्याचा खोटा लॅब रिपोर्ट : पशुपालकांनो, सावध राहा

गेल्या श्रावणात आमच्या गोठ्यात डोळ्यांची साथ शिरली. आधी एका कालवडीचा डावा डोळा गळायला लागला. दुसऱ्या दिवशी तिने तो मिटूनच घेतला. उघडून पाहिला तर बुबुळाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. पाठोपाठ दोन गाई. दावण एकच आणि माश्यांचे दिवस. माश्या हा रोग एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात नेतात.

मी दूध घालायला डेअरीवर गेलो होतो. तेवढ्यात मोटारसायकलवर एक जण आला, गळ्यात ओळखपत्र. आईला म्हणाला, "मावशी, साधी इंजेक्शनं आता या जंतूंवर चालत नाहीत. आधी नमुना तपासू, मग औषध देऊ." बोलणं मुद्द्याचं होतं, म्हणूनच आम्ही फसलो. कान साफ करायची काडी त्याने तिन्ही जनावरांच्या डोळ्यांतून फिरवली, कागदात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात टाकली. संध्याकाळी तीन छापील रिपोर्ट घेऊन हजर! ऑक्सिटेट्रासायक्लिन चालत नाही, पेनिसिलिन चालत नाही, फक्त त्याच्याकडची 'परदेशी' बाटली चालते. रिपोर्टचे ६०० रुपये प्रत्येकी, बाटलीचे २,४०० आणि वर डोळ्यात घालायचे थेंब. बिल मागितलं तर "उद्या देतो".

पाचव्या दिवशी कालवडीचा अख्खा डोळा दुधासारखा पांढरा झाला. मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी रंगाची पट्टी डोळ्याला लावली. बुबुळावर जिथे जखम असते तिथे हिरवा रंग धरतो. आमच्या कालवडीचं जवळजवळ अर्धं बुबुळ हिरवं झालं. थेंबांच्या बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड. बुबुळावर जखम असताना ते घातलं की जखम भरत नाही, उलट चिघळते.

रिपोर्ट पाहून मॅडम म्हणाल्या, "हे एका दिवसात होऊच शकत नाही." जंतू वाढायलाच एक दिवस लागतो. मग औषधाच्या चकत्या ठेवून कुठल्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत ते मिलिमीटरमध्ये मोजायचं, त्याला आणखी एक दिवस. आमचे तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तर आकडे अगदी तेच, फक्त जनावराचं वय वेगळं. 'परदेशी' बाटलीवरचं स्टिकर मॅडमनी नखाने सोललं. खाली टायलोसिन! या रोगाचा नेहमीचा जंतू मोराक्सेला बोव्हिस टायलोसिनला सहसा दादच देत नाही.

तोवर आणखी एका गाईचा डोळा गळू लागला होता. तिला अजून कसलंच औषध दिलेलं नव्हतं, म्हणून खरा नमुना तिचाच घेतला. निर्जंतुक काडी, बंद नळी, बर्फाचा डबा. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढण्याची खात्री नसते, हेही तेव्हाच कळलं. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला: ऑक्सिटेट्रासायक्लिन उत्तम लागू. जे चालत नाही म्हणून आमच्या गळी उतरवलं होतं, तेच. मॅडमनी तेच इंजेक्शन वजनाच्या हिशेबाने दिलं, तीन दिवसांनी पुन्हा. इंजेक्शन चालू असताना आणि नंतर त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत दूध डेअरीला घातलं नाही. तिन्ही गाई बऱ्या झाल्या.

कालवडीच्या डोळ्यात मात्र फूल पडलं ते पडलंच. अजूनही पाण्याच्या हौदावर येताना डावीकडून आपटते. आई रोज तिच्या उजव्या बाजूला उभी राहून तिला हाक मारते.

तो माणूस घरात बायामाणसं आणि म्हातारी माणसंच असतील अशी वेळ बघून येतो. अमुक औषध चालत नाही असं कोणी सांगितलं, तर रिपोर्टवर प्रयोगशाळेचं नाव, नमुना घेतल्याची आणि निकालाची तारीख बघा. औषधाच्या बाटलीवर बॅच नंबर आणि मुदत बघा, बिल घ्या. डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन फुकट लागतो. डोळा गळायला लागला त्याच दिवशी तो लावा. आम्ही पाच दिवस घालवले.