जुन्या स्प्रिंगा त्याच दिवशी ताब्यात घ्या

गाडी लोअर करून, म्हणजे तिची उंची कमी करून घेताना मला फसवलं गेलं आणि ते कळायला चार महिने गेले. पहिल्यांदाच हे काम करून घेणाऱ्याच्या लवकर लक्षात येणारच नाही अशी ती फसवणूक होती. गाडी खरोखर खाली बसली होती, झकास दिसत होती आणि चाकाआड डोकावलं की लालभडक नव्या स्प्रिंगा दिसत होत्या.

ठरलं होतं ते असं: माझ्या मॉडेलसाठी बनवलेला लोअरिंग स्प्रिंगांचा सेट, चारही चाकांना, गाडी ३५ मिलिमीटर खाली आणि शेवटी व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. गॅरेजवाल्यांनी पैसे आधी घेतले. काम चालू असताना आत थांबू देणार नाही म्हणाले, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. हे खरंच आहे, म्हणून मी मुकाट्याने निघालो. लांबून तरी बघू द्या, एवढं म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी जुन्या स्प्रिंगा मागितल्या. "त्या भंगारात गेल्या, तुम्हाला काय करायच्यात?" मला ते पटलं. अजूनही सगळ्यात जास्त संताप होतो तो या एका वाक्याचा.

पहिल्याच आठवड्यात गतिरोधकावरून उतरताना पुढून 'टण्' असा आवाज येऊ लागला. विचारलं तर म्हणाले, नवीन स्प्रिंग आहे, बसायला वेळ लागतो. नवी स्प्रिंग काही मिलिमीटर बसते हे खोटं नाही, पण बसताना ती घणासारखी वाजत नाही. मग लहानसहान खड्ड्यातही गाडी धाडकन आदळायला लागली आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागलं. दरवेळी फोन केला, दरवेळी तेच उत्तर मिळालं.

शेवटी पंक्चर काढताना उलगडा झाला. चाक उतरवल्यावर टायरवाल्याने काही न बोलता ते माझ्याकडे फिरवलं. बाहेरून नक्षी चांगली शाबूत होती, पण आतली कड इतकी खाल्ली होती की तारा दिसत होत्या. त्याच टायरवर मी घरच्यांना घेऊन हायवेने जात-येत होतो.

तिथून गाडी सरळ दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने ती लिफ्टवर घेतली, चाकं लोंबकळली आणि त्याने पुढची स्प्रिंग हाताने गरागरा फिरवून दाखवली. नीट स्प्रिंग चाक पूर्ण खाली लोंबलं तरी वरच्या-खालच्या बैठकीत घट्ट धरलेली राहते. माझी मोकळी होती. चाक खाली गेलं की ती जागा सोडायची, वजन आलं की परत आदळायची, तोच तो 'टण्'. त्याने मला तिच्या टोकावरून बोट फिरवायला सांगितलं. टोक खरखरीत, ग्राइंडरने कापलेलं होतं. मग पेचकसाने लाल रंग खरवडला, तर खालून कंपनीने ओळखीसाठी मारलेले रंगाचे दोन पट्टे निघाले.

भंगारात गेलेल्या माझ्या जुन्या स्प्रिंगा चार महिने माझ्याच गाडीखाली होत्या.

कापलेल्या स्प्रिंगेत नेमकं काय बिघडतं ते सांगतो, कारण "एक वेढा कापला तर काय होतंय" हे तुम्हालाही कोणीतरी ऐकवेल. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. सहा कामाचे वेढे असतील आणि एक गेला, तर कडकपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. शॉकअब्सॉर्बर मात्र जुन्या स्प्रिंगेच्या हिशोबाने बनवलेला असतो, त्यामुळे उसळी त्याला आवरत नाही. शिवाय वेढा बैठकीत बसावा म्हणून स्प्रिंगेच्या टोकाला खास आकार दिलेला असतो, तोच कापून टाकलेला.

मागच्या स्प्रिंगा तर कापल्याही नव्हत्या, आगीने तापवून खचवल्या होत्या. मधले दोन वेढे एकमेकांना टेकलेले. स्प्रिंगेच्या पोलादाला ठरावीक उष्णतेचे संस्कार करून ताकद दिलेली असते. लाल होईपर्यंत तापवलं की ती जाते आणि स्प्रिंग आणखी खचत राहते. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजलं, तर मागे डाव्या-उजव्यात १५ मिलिमीटरचा फरक होता.

अलाइनमेंट केलंच नव्हतं. स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या, म्हणजे टाय रॉडच्या, लॉकनटवर (चाकाची दिशा जुळवताना तो सैल करावा लागतो) जुना गंज जसाच्या तसा होता, पान्याची एक खूण नाही. गाडी खाली आली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून पाहिल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) दोन्ही बदलतात, आणि टायरची आतली कड सगळ्यात झपाट्याने खातो तो बिघडलेला टो.

पहिल्या गॅरेजवाल्यांना जाब विचारायला गेलो. त्यांनी बिल पुढे केलं. त्यावर 'सस्पेन्शन लोअरिंग' एवढंच लिहिलेलं, ना स्प्रिंगेचं नाव, ना पार्ट नंबर. "लोअर झाली ना गाडी?" यावर दाखवायला माझ्या हातात काहीच नव्हतं. जुन्या स्प्रिंगा त्याच दिवशी हट्टाने मागितल्या असत्या, तर तिथेच पकडले गेले असते.

दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा खोका माझ्यासमोर उघडला, स्प्रिंगेवरचा नंबर बिलावर उतरवून घेतला, कामाआधी आणि नंतर चारही उंच्या मोजल्या. एक शॉकअब्सॉर्बर आदळून गळायला लागला होता, म्हणून पुढचे दोन्ही बदलावे लागले. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायला लावले, नाहीतर आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. अलाइनमेंटचे आधीचे-नंतरचे आकडे छापून घेतले. आणि काढलेल्या चारही स्प्रिंगा, कापलेल्या टोकांसकट, डिकीत टाकून घरी आणल्या.

तुमची गाडी अलीकडे लोअर केली असेल, तर ती लिफ्टवर घ्यायला लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका. चाकं लोंबकळू द्या, स्प्रिंग फिरते का बघा आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा.