ऑईल सेव्हर: जुन्या गाडीला आधार, नव्या गाडीत पैसे वाया

'गाडी ऑईल खाते' असं स्पेअर पार्टच्या दुकानात सांगितलं की काउंटरवर ऑईल सेव्हरचा, म्हणजे इंजिन ऑईलमध्ये मिसळायच्या रसायनाचा, डबा येतो. हा रिव्ह्यू लिक्वी मॉलीच्या ३०० मिलीच्या मोटर ऑईल सेव्हरचा आहे, पण त्याच पद्धतीने काम करणाऱ्या इतर बाटल्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. डब्यातलं रसायन खोटं नाही. ऑईल कुठून जातंय हे न बघता ते ओतलं जातं, तिथे घोळ होतो.

वर्षानुवर्षं गरम ऑईलमध्ये राहून रबरी सील आकसतात आणि प्लास्टिकसारखे कडक होतात. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचा सील कडक झाला की वरचं ऑईल गाइडमधून (दांडा ज्यात सरकतो ती नळी) खाली झिरपून सिलिंडरमध्ये जळतं. ऑईल सेव्हरमधलं द्रव्य रबरात मुरतं, रबर थोडं फुगतं आणि मऊ होतं, त्यामुळे सील पुन्हा दांड्याला धरतो. याला वेळ लागतो. काही शे किलोमीटर गाडी चालल्याशिवाय फरक दिसत नाही, म्हणून दोन दिवसांत निकाल देऊ नये.

सील गेलाय की रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या), हे धूर सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिली आणि सकाळी स्टार्ट केल्यावर निळ्या धुराचा एक झोत येऊन थांबला, तर संशय सीलवर. दुसरी खूण घाटात दिसते. अॅक्सिलरेटर सोडून, गिअरमध्ये गाडी लांबवर उतरवा आणि खाली आल्यावर पाय द्या. त्या क्षणी मागे निळा लोट आला तर तेही व्हॉल्व्ह सील किंवा गाइडचंच लक्षण, कारण थ्रॉटल बंद असताना इनटेकमधला व्हॅक्यूम ऑईल खेचून घेतो. उलट घाट चढताना, लोड असताना धूर सतत येत असेल, तर रिंगांकडे बघा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी लागलं तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. पण कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणून रिंगा ठीक, असं समजू नका. ऑईल रिंग (ऑईल खरवडणारी सर्वांत खालची रिंग) कार्बनमध्ये अडकली तरी वरच्या दोन रिंगा कॉम्प्रेशन धरून ठेवतात. बऱ्याच गाड्यांचं निदान इथेच चुकतं.

आणि धूर नसतानाही ऑईल कमी होत असेल, तर आधी गळती शोधा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, प्लगच्या खाचेत साचलेलं ऑईल, क्रँकचे पुढचे-मागचे सील तपासा. इथेही जुन्या गाड्यांत डबा सरसकट चालत नाही. १४८९ सीसीच्या बीएमसी इंजिनच्या अॅम्बॅसेडरमध्ये क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नसतो. तिथे ऑईल परत फेकणारी पेचासारखी खाच असते. जिथे रबर नाही तिथे रबर मऊ करणारं औषध काय करणार?

नव्या इंजिनांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतले व्हॉल्व्ह सील बहुधा फ्लोरोरबरचे असतात. ते लवकर कडक होत नाहीत आणि या द्रव्याने त्यांना फारसा फरकही पडत नाही. ऑईल जातं ते रिंगांमधून. मायलेजसाठी ऑईल रिंग बारीक आणि कमी ताणाची केली, ऑईल पातळ केलं, टर्बोने उष्णता वाढवली. त्यात ऑईल उशिरा बदललं तर रिंगेमागची परतीची भोकं कार्बनने बुजतात. श्कोडा लॉरा आणि सुपर्बमधलं सुरुवातीचं १.८ टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन हे याचं ठळक उदाहरण. तिथला खरा इलाज सुधारित पिस्टन आणि रिंगा, म्हणजे हाफ इंजिनचं (इंजिन उघडून करायचं मोठं) काम. डब्याने तिथे काही साधत नाही. श्कोडाच्या पुस्तिकेत १००० किमीला अर्ध्या लिटरपर्यंत ऑईल लागणं नॉर्मल धरलंय. १५,००० किमीच्या सर्व्हिसपर्यंत हिशेब करा: साडेसात लिटर, आणि चेंबर (इंजिनखालचा ऑईलचा साठा) साधारण साडेचार लिटरचा. मध्ये डिपस्टिक बघितलीच नाही तर काय होईल, ते यातच आलं.

शिवाय हा डबा ऑईल थोडं घट्ट करतो. पद्मिनीच्या २०डब्ल्यू-५० या जाड ऑईलमध्ये ते खपून जातं. ०डब्ल्यू-२० या पातळ ऑईलवर आखलेल्या इंजिनात व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक वाटा असतात, तिथे ग्रेडशी असा खेळ नको. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये तर अजिबात नको.

ओतण्याआधी मोजा. सपाट जागेवर, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑईल मॅक्सच्या रेषेपर्यंत भरा, १००० किमी चालवा आणि त्याच जागी पुन्हा रेषेपर्यंत किती मिली लागलं ते मापाने बघा. फक्त शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पेट्रोल आणि बाष्प मिसळून ऑईलची पातळी टिकल्यासारखी दिसते आणि हायवेवर ते उडून गेलं की 'एकदम कमी झालं' वाटतं. म्हणून मोजणी लांबच्या प्रवासासह करा. पीसीव्ही व्हॉल्व्हही (चेंबरमधला वायू इनटेककडे सोडणारी झडप) याच वेळी काढून हलवा. साधा व्हॉल्व्ह खुळखुळला पाहिजे. तो तुंबला तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑईल बाहेर पडतं. एवढ्याशा पार्टने कित्येक गाड्यांचं ऑईल खाणं थांबतं.

तीन लिटर ऑईल बसणाऱ्या इंजिनात ३०० मिली म्हणजे दहावा हिस्सा. म्हणून ऑईल बदलतानाच टाका आणि तेवढं ऑईल कमी भरा. मॅक्सच्या वर गेलं तर फेस येतो आणि ब्रीदरमधून आणखी ऑईल ओढलं जातं. मोटरसायकलमध्ये टाकू नका, तिथला इंजिन ऑईलमध्येच बुडालेला ओला क्लच घसरतो.

कडक सीलच्या जुन्या पेट्रोल गाडीला पाचपैकी साडेतीन, रिंगा गेलेल्या कुठल्याही गाडीला एक. पुन्हा १००० किमी मोजून खप निम्म्यावरही आला नाही, तर दुसरा डबा घेऊ नका. ते पैसे व्हॉल्व्ह सीलच्या सेटकडे वळवा. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरले तर हेड (इंजिनचा वरचा भाग) न उतरवता सील बदलता येतात. मात्र हे काम येणारा मेकॅनिक आधी शोधा.